आमच्या फाटकावरचा हिरवा कंदील

माझे वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. झाशीहून गाडी घेऊन जायचं आणि झाशीला परत यायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. मी आणि माझा नवरा दोघंही झाशीतल्याच एका मोठ्या सरकारी कारखान्यात, तो शॉपमध्ये, म्हणजे यंत्रं बनतात तिथे, आणि मी ड्रॉइंग ऑफिसात. राहायला कारखान्याच्याच कॉलनीत क्वार्टर. आमच्या गल्लीत समोरासमोर चार-चार अशी आठ क्वार्टरं होती, सगळ्यांना तोच पिवळा रंग, तेच लोखंडी फाटक आणि तोच दीड हाताचा व्हरांडा. नवीन माणूस हमखास चुकायचा. बाबा मात्र पहिली तीन वर्षं कधी चुकले नाहीत.

मग ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग दुपारी जेवलो की नाही ते, मग मी कोण ते. मला ते कधी मुलगी म्हणून हाक मारत, कधी बहीण म्हणून. त्याचं मी फार वाईट वाटून घेतलं नाही, म्हणजे घेतलं, पण ऑफिसला जायची घाई असायची. डॉक्टर म्हणाले, जेवढं त्यांचं ते करतात तेवढं करू द्या, हातातून काढून घेऊ नका. त्यांचं ते करण्यासारखं आता एकच उरलं होतं, संध्याकाळी फिरायला जाणं. साडेपाचला बूट घालायचे, गल्लीतून बाहेर पडायचं, कॉलनीच्या बागेला दोन फेऱ्या मारायच्या आणि दिवेलागणीला परत. परत आलेला माणूस वेगळा असायचा. घाम पुसत बसायचा, पोटभर जेवायचा, वर "आज भाजीत मीठ कमी आहे" असंही म्हणायचा. ज्या दिवशी हे फिरणं चुके, त्या दिवशी जेवण नाही, झोप नाही आणि आम्हालाही नाही.

सोबत कुणी आलेलं त्यांना चालत नसे. नवऱ्यानं चार-सहा दिवस मागे राहून बघितलं. बाबा मध्येच थांबायचे, वळून म्हणायचे, "तुम्ही कोण? माझ्या मागे का येता?" एकदा तर रागानं काठी उगारली. जावयावर काठी! त्यानंतर आम्ही हात टेकले.

त्या वर्षी गणपतीनंतर एका संध्याकाळी लाइट गेली. बाकी सगळ्यांकडे ट्यूबलाइट, आमच्याच व्हरांड्यात पिवळा बल्ब; तो पाहून ते घर ओळखतात, हे तोवर आमच्या ध्यानातही आलं नव्हतं. बल्ब विझला आणि बाबा गल्लीवरून सरळ पुढे गेले, कॉलनीच्या मोठ्या गेटमधून बाहेर पडले आणि हायवेवर पोचले. तिथे ट्रक कसे जातात ते ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. गेटवरच्या चौकीदारानं त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं म्हणून बरं. नवरा त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी तो सदर बाजारातून कुलूप घेऊन आला. चांगलं जाडजूड, पितळी. टेबलावर ठेवून म्हणाला, "फाटकाला लावू. तुला राग येईल, मला माहीत आहे. पण मी त्यांना तिथे उभं पाहिलंय, तू नाही पाहिलंस."

राग आलाच. माझा स्वभाव तसाही तापट आहे, ऑफिसात मला वळसा घालून जाणारे लोक आहेत. मी म्हटलं, "माझ्या बापाला मी कोंडून घालणार नाही." तो म्हणाला, "मग दुसरं काही सुचव." आणि दुसरं काही सुचवायची वेळ आली की मी कागद-पेन्सिल घेते. एवढं एकच मला येतं.

ठरलं ते असं. लाइट असो वा नसो, आपलं फाटक लांबून ओळखू येईल असा एक दिवा फाटकाशी टांगायचा. त्यानं काम भागलं तर कुलूप कपाटात राहील. पण बाबा आणखी एकदा जरी हायवेकडे गेले, तर कुलूप लागेल आणि मी एक शब्द बोलणार नाही. हात पुढे करून नवऱ्यानं माझ्याकडून तसं वचनच घेतलं.

फाटकावर कडुनिंबाची एक फांदी येते. तिथवर वायर न्यायची तर पावसापाण्याची भीती, आणि लाइट गेली की पुन्हा तेच. म्हणजे सेलवरच चालायला हवा. आणि त्या फांदीवर टांगायला आकाशकंदिलाहून चांगलं काय? लहानपणी रेल्वे कॉलनीत बाबा दर दिवाळीला करायचे, आठ कोनांचा, खाली झिरमिळ्या. सगळ्या कॉलनीत तेवढा एकच असे आणि येणारे-जाणारे विचारत, "ये क्या लटका रखा है?"

मी रोज ज्या यंत्रांची चित्रं काढते ती क्रेनशिवाय हलत नाहीत. त्यामुळे एक कागदी कंदील म्हणजे हातचा मळ असं मला वाटलं. रीतसर ड्रॉइंग काढलं, समोरून, वरून, बाजूनं, मापांसकट. नवऱ्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "टेंडर कधी काढणार याचं?"

काड्या पतंगवाल्याकडून आणल्या. पहिला सांगाडा इतका वाकडा झाला की तो कोणत्या बाजूनं आठकोनी आहे ते मलाच सांगता येईना. दुसरा बरा जमला. कणकेची खळ शिजवली, आईच्या पद्धतीनं त्यात चिमूटभर मोरचूद टाकलं, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. तीन पेन्सिल सेलचा डबा आणि एक छोटा एलईडी दिवा आणला. दिवा लावला तर कंदिलात एकाच जागी टिकलीएवढा उजेड आणि बाकी सगळा अंधार. मग दिव्याभोवती बटरपेपरची सैलसर पुंगळी केली, तेव्हा उजेड कडेपर्यंत पसरला. सेलचा डबा एका बाजूला चिकटवला तर कंदील मान टाकल्यासारखा कलायचा. शेवटी डबा बरोबर खाली मधोमध बांधला आणि झिरमिळ्यांत लपवला. त्यानं तोल आला, शिवाय वाऱ्यात गिरक्या घेणंही थांबलं. बटण खालीच, हात वर केला की लागेल असं. हे सगळं होईपर्यंत दोन रविवार गेले आणि माझ्या बोटांची सालं निघाली.

आता कागदाचा रंग. यावर आम्ही दोघांनी, म्हणजे दोन शिकलेल्या माणसांनी, अर्धा मिनिटही विचार केला नाही. आमच्या कारखान्यात पॅनेलवर लाल दिवा लागला म्हणजे यंत्र चालू, हिरवा लागला म्हणजे बंद. वीस वर्षं आम्ही तेच पाहतोय. घर चालू आहे, या, असं सांगायचं तर रंग लाल. मी छान गडद लाल पतंगी कागद लावला. नवराही म्हणाला, "लांबून मस्त दिसेल."

लांबून मस्तच दिसला. संध्याकाळी बाबा गल्लीच्या तोंडाशी आले, कंदिलाकडे पाहिलं आणि थांबले. मी फाटकात उभी. म्हटलं, येतील. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाबा जागचे हलेनात. काठी टेकून, ताठ उभे. मी पळत गेले. "बाबा, चला ना, घर आलं." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाल आहे."

मला तिथेच रस्त्यावर बसावंसं वाटलं. आयुष्यभर ज्या माणसानं लाल दिव्यापुढे हजारो माणसांनी भरलेली गाडी उभी केली, त्याला मी लाल दिवा दाखवून घरी बोलावत होते. मुलगी कुणाची, तर ड्रायव्हरची! त्या संध्याकाळी मी आधी जाऊन कंदील विझवला, तेव्हा ते हलले.

लाल कागद रात्रीच्या जेवणाआधीच ओरबाडून काढला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना हिरवा आणला. संध्याकाळी बाबा गल्लीच्या तोंडाशी आले. दिव्याकडे पाहिलं. ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट सिग्नल दिसला की मोठ्यानं बोलून एकमेकांना सांगतात, तसे खणखणीत आवाजात "हिरवा!" म्हणाले आणि चालू लागले. वाटेतल्या एकाही फाटकाकडे न बघता सरळ आमच्या फाटकात. माझा जीव भांड्यात पडला. नवऱ्यानं कुलूप उचललं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं.

त्यानंतर महिनाभर फार चांगले दिवस होते. दोनदा लाइट गेली, सबंध कॉलनी काळीठिक्कर, आणि बाबा आपले "हिरवा!" म्हणत हजर. सेल चार दिवसांत उतरायचे म्हणून चार्ज होणारे आणले, तीन कंदिलात, तीन चार्जरवर. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटू लागलं की ऑफिसातल्या चपराशालाही मी ती हकीकत दोनदा ऐकवली.

गल्लीत चौकशी सुरू झालीच होती. समोरच्या क्वार्टरमध्ये मऊरानीपूरकडच्या एक भाभी राहतात. त्यांचे मालक माझ्या नवऱ्याच्याच शॉपमध्ये. त्या फाटकातूनच म्हणाल्या, "भाभीजी, दिवाली तो अभी दूर है, आपने अभी से टाँग दिया?" मी सांगितलं, दिवाळीसाठी नाही, बाबूजींसाठी आहे. पण का, कशासाठी, ते सगळं काही सांगितलं नाही. घरातलं विसरणं असं फाटकात उभं राहून सांगायला जड जातं. त्या म्हणाल्या, "बहुत सुंदर है। हमें भी सिखाइए।"

आणि मी शिकवलं. काय सांगू, मला इतकं बरं वाटलं! या गावात आमचं मराठीपण म्हणजे पुरणपोळी आणि गणपतीतली आरती, त्यापलीकडे कुणी काही मागत नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या व्हरांड्यात आणि पार फाटकापर्यंत सगळी गल्ली जमली. मी काड्या कापून दिल्या, खळ शिजवली, पुंगळीची युक्ती सांगितली, सेलचा डबा मधोमध का बांधायचा ते फळ्यावर काढावं तसं समजावलं. पोरांनी मनाला येतील ते रंग लावले. लाल, हिरवे, पिवळे, निळे. मधून मधून सरबत. बाबाही खुर्चीत बसून बघत होते. इतक्या आनंदात असताना मला एक साधी गोष्ट सुचू नये?

धनत्रयोदशीला सगळ्यांनी कंदील लावले. सेलचे, माझ्या डिझाइनचे, सगळे चोख. गल्ली इतकी देखणी दिसत होती की मी मोबाइलवर फोटो काढत उभी होते. साडेसहा होऊन गेले, सात वाजले आणि बाबा आले नाहीत. तेव्हा मी त्या फोटोकडे पुन्हा पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी पहिल्याच क्वार्टरवर लालभडक कंदील. पुढे हिरवा, पिवळा, परत लाल, परत हिरवा.

नवरा स्कूटर काढून गेला. बाबा हायवेच्या मधल्या दुभाजकावर सापडले. दोन्ही बाजूंनी ट्रक, आणि हे मध्ये उभे. "ती लाइन बंद आहे," म्हणाले, "म्हणून दुसऱ्या लाइननं आलो." घरी आल्यावर नवऱ्यानं कपाटातून कुलूप काढलं. मी वचन दिलेलं होतं. एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी, ज्याला इथे छोटी दिवाळी म्हणतात, साडेपाचला बाबांनी बूट घातले आणि फाटकाशी गेले. फाटक उघडेना. त्यांनी ते हलवून पाहिलं, मग जोरात हलवलं, मग दोन्ही हातांनी गज धरून उभे राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते रडत होते, आवाज न करता, आणि नाक पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी रुमाल घेऊन गेले तर म्हणाले, "बाई, मला घरी जायचंय. ड्यूटी संपली माझी." नवरा आत पलंगावर पाठ करून पडला होता. त्यालाही ते बघवत नव्हतं, त्याच्यावर तरी कसली चिडणार?

समोरच्या भाभी अंगणात रांगोळी काढत होत्या. त्या तशाच, हाताला रंग लागलेला, आमच्या फाटकापाशी आल्या. "भाभीजी, बाबूजी को ताले में क्यों रखा है?" त्यांच्या आवाजात राग होता. मग मी सगळं सांगितलं, त्या गजांच्या अलीकडून. लाल काय, हिरवा काय, हायवे, वचन. ऐकता ऐकता त्यांनी मागे वळून एकदा सगळ्या गल्लीकडे पाहिलं. म्हणाल्या, "तो हमसे कहा क्यों नहीं?"

काय सांगणार? लोकांना हौसेनं शिकवायचं आणि ऐन दिवाळीत म्हणायचं, आता काढा? रंग बदलायचा तर कोणता बदलू, पोरांनी एकही सोडलेला नव्हता. आणि बाबांनी घरी यावं असा रंग जगात एकच होता. भाभी पाठ फिरवून निघून गेल्या. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाच वाजता त्या परत आल्या, नवी साडी नेसून, रोख थेट माझ्या नवऱ्याकडे. "भाईसाहब, ताला खोल दीजिए। साढ़े छह से सात गली में और किसी के यहाँ बाहर बत्ती नहीं जलेगी, बस आपका कंदील। कंदील भी नहीं, झालर भी नहीं, दिया भी नहीं। बाकी सब घरों से बात हो गई है।"

नवरा गडबडला. "अरे भाभीजी, आज दिवाली है। लक्ष्मीजी के आने के टाइम पे दरवाज़े पर अँधेरा कौन रखता है?"

"लक्ष्मी मैया कौन सी भागी जा रही हैं," त्या म्हणाल्या. "आधा घंटा रुक लेंगी।"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण माझं वचन होतं आणि बोलायचं नव्हतं. मग त्यानंच किल्ली आणली. कुलूप काढून स्वतःच्या खिशात टाकलं आणि म्हणाला, "मी मोठ्या गेटवर जाऊन उभा राहतो. ते दिसणार नाही असा." बाबा बूट घालून बाहेर पडले. ते वीस-पंचवीस पावलं गेल्यावर नवरा दुसऱ्या वाटेनं निघाला.

साडेसहाला एकेक दिवा विझायला लागला. पहिला तो कोपऱ्यावरचा लाल. मग त्याच्या समोरचा. झालरी, म्हणजे विजेच्या माळा, बंद झाल्या. पणत्यांची ताटं बायकांनी आत नेली. आजूबाजूच्या गल्ल्यांत लखलखाट, फटाके, आणि आमची गल्ली गप्प. प्रत्येक दारात माणसं उभी होती, नवे कपडे घालून, अंधारात. पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले होते. फक्त आमचा कंदील हिरवा जळत होता. त्याच्याखाली मी उभी होते आणि मला इतकी लाज वाटत होती आणि इतकं भरून येत होतं की समोरचं नीट दिसेना.

बाबा तोंडाशी आले. थांबले. मग काठीचा आवाज आला, टक टक, न अडखळता, एका लयीत. त्या अंधाऱ्या दारांवरून, त्या उभ्या माणसांसमोरून ते सरळ आले आणि फाटक ढकलून आत शिरले. व्हरांड्यात बसून बूट काढू लागले. घाम पुसला. आणि मग त्यांचं लक्ष बाहेर गेलं.

"सगळ्यांची लाइट गेलीय की," ते म्हणाले.

"हो बाबा."

"आपलाच दिवा आहे होय?" ते जरा अस्वस्थ झाले. "मग बघत काय उभी राहिलीस? सणासुदीची लोकं अंधारात बसलीत. जा पोरी, मेणबत्ती देऊन ये."

मी घरातून मेणबत्ती घेतली आणि रस्ता ओलांडून समोर गेले. भाभी दारातच होत्या. मी म्हटलं, "बाबूजी ने भेजी है।" त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि बाबा उठून आत जाईपर्यंत तशीच धरून उभ्या राहिल्या.